एका ओळीत एक नाव, एक मूल्य: साध्या मजकुराच्या फाइली पायथनमध्ये कशा वाचाव्यात?

(या सदरात आज्ञांची आणि भाषांची नावे देवनागरीत छापली जातात, प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्यात.)

प्रश्न: मी तालुक्याच्या ठिकाणी ‘क’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करतो. दाखल नोंदवहीतील जुन्या नोंदी आमच्या कर्मचाऱ्यांनी नोटपॅडमध्ये उतरवून ठेवल्या आहेत. प्रत्येक ओळीत आधी रकान्याचे नाव, मग कोलन आणि त्यापुढे माहिती, अशी मांडणी आहे, आणि एक पुस्तक संपले की एक ओळ मोकळी सोडलेली आहे. लेखक दोन असतील तर ‘लेखक’ ही ओळ दोनदा येते. नमुना असा:

दाखल क्रमांक: ४५१२
शीर्षक: भातशेती: लागवड ते मळणी
लेखक: …
लेखक: …
किंमत: १२५/-
भेट देणाऱ्याचे नाव: …
टीप: मुखपृष्ठ फाटलेले आहे,
   बांधणीसाठी दिले.

या नोंदी पायथनच्या डिक्शनरीत (नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहात) घ्यायच्या आहेत. ओळ कोलनपाशी तोडून दोन भाग घेतले, तर काही ओळी चालतात आणि मध्येच ‘टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक’ अशी तक्रार येऊन स्क्रिप्ट थांबते. काय करावे?

उत्तर: आपला नमुना पाहता त्या तक्रारीचे कारण दुसऱ्याच ओळीत आहे. शीर्षकात आणखी एक कोलन आल्यामुळे ओळ तोडणाऱ्या ‘स्प्लिट’ने त्या ओळीचे तीन तुकडे केले आणि ते दोन चलांत मावले नाहीत. त्यावरचा तात्कालिक उपाय एका शब्दाचा असला, तरी आपल्या फाइलीत याहून अधिक त्रासदायक असे काही प्रकार आहेत, जे स्क्रिप्ट थांबवत नाहीत, तर गुपचूप माहिती गाळतात. थांबणारी स्क्रिप्ट परवडते, कारण चूक कुठे आहे ते ती सांगते. न थांबता चुकीची यादी तयार करणारी स्क्रिप्ट मात्र वर्षभरानंतर, एखादे पुस्तक शोधूनही सापडले नाही म्हणजे, लक्षात येते. म्हणून मी क्रमाने सगळेच सांगतो. कोलनच्या डावीकडच्या भागाला ‘नाव’ आणि उजवीकडच्या भागाला ‘मूल्य’ म्हणू.

आधी तोडण्याविषयी. ‘स्प्लिट’ऐवजी ‘पार्टिशन’ वापरावे:

नाव, खूण, मूल्य = ओळ.पार्टिशन(":")

‘पार्टिशन’ ओळीतील पहिल्या कोलनपाशीच थांबते आणि नेहमी तीनच भाग देते: कोलनच्या आधीचा मजकूर, स्वतः कोलन आणि उरलेला सगळा मजकूर. शीर्षकातला दुसरा कोलन त्यामुळे मूल्यातच राहतो. याचा दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो: ओळीत कोलन मुळीच नसेल तर मधला भाग रिकामा येतो, म्हणजे ‘ही ओळ नियमात बसत नाही’ हे एका तपासणीत कळते. हेच काम ‘स्प्लिट’ला १ ही मर्यादा देऊनही होते, पण आपण पुढे दुसऱ्या भाषेकडे वळलात तर या मर्यादेचा अर्थ बदलतो. पायथनमध्ये तो आकडा ‘किती वेळा तोडायचे’ हे सांगतो, म्हणून १ द्यावा लागतो; पर्ल आणि रूबीमध्ये तो ‘जास्तीत जास्त किती तुकडे’ हे सांगतो, म्हणून २ द्यावा लागतो; आणि जावास्क्रिप्टमध्ये २ दिल्यास सगळे तुकडे करून पहिले दोन ठेवले जातात व बाकीचे टाकून दिले जातात. म्हणजे तिथे आपल्या शीर्षकातील ‘लागवड ते मळणी’ हा भाग कोणतीही तक्रार न येता नाहीसा होईल.

आता फाइल उघडण्याविषयी. विंडोजवर पायथन ‘ओपन’ला एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) सांगितले नाही तर यंत्राच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे ठरणारे एन्कोडिंग धरतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ संगणकांवर ते युरोपीय अक्षरांसाठीचे सीपी-१२५२ असते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट ‘८डी’ हा आहे आणि सीपी-१२५२ मध्ये त्या जागी कोणतेच अक्षर नेमलेले नाही. त्यामुळे ‘क्रमांक’ किंवा ‘मुखपृष्ठ’ असे पहिले जोडाक्षर आले, की वाचन तिथेच कोलमडते. म्हणून एन्कोडिंग स्पष्टपणे सांगावे, आणि नोटपॅडच्या फाइलींसाठी ते नुसते ‘यूटीएफ-८’ न सांगता ‘यूटीएफ-८-सिग’ सांगावे. जुने नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये साठवताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण घालत असे. २०१९ मधील विंडोज १०च्या आवृत्तीपासून ती आपोआप घातली जात नाही, पण आपल्या नोंदी जुन्या आहेत. ही खूण तशीच राहिली तर ती पहिल्या ओळीतील ‘दाखल क्रमांक’ या नावाला चिकटते. मग फक्त पहिल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक ‘सापडत नाही’, आणि ते नाव पडद्यावर नुसते छापून पाहिले तरी डोळ्यांना काही वेगळे दिसत नाही. असा संशय आला की ते नाव ‘रेप्र’मधून छापून पाहावे, त्यात अदृश्य चिन्हे सांकेतिक रूपात उघडी पडतात.

मराठी फाइलींत एक अडचण अशी येते की जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. टंकणारी माणसे कोलनच्या जागी अनेकदा विसर्ग देतात. ‘लेखक:’ आणि ‘लेखकः’ कागदावर जवळजवळ सारखे दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने दुसऱ्यात कोलन नाहीच. सगळे विसर्ग सरसकट बदलून कोलन करण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण त्याने ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ हे शब्द मोडतील. ‘ओळीत कोलन नसेल तरच विसर्ग पाहावा’ हा नियमही पुरत नाही: ‘शीर्षकः भातशेती: लागवड ते मळणी’ या ओळीत कोलन आहे, पण त्यापाशी तोडल्यास ‘शीर्षकः भातशेती’ हे भलतेच नाव हाती येते. खरा उपाय म्हणजे ज्ञात नावांचा एक संच स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहून ठेवणे. आपल्याकडे ती नावे मोजकीच आहेत. ओळ तोडल्यावर मिळालेले नाव कडेच्या मोकळ्या जागा काढून त्या संचात आहे का ते पाहावे. नसेल, आणि ओळ एखाद्या ज्ञात नावाने सुरू होऊन लगेच विसर्ग येत असेल, तर तिथे तोडावे. तेही नसेल तर ओळ क्रमांकासह तक्रार नोंदवावी. या संचामुळे ‘शिर्षक’, ‘लेखिका’, ‘किमत’ अशी वेगळी रूपेही पकडली जातात. त्यांपैकी ‘लेखिका’ ही चूक नाही; ती ‘लेखक’ याच रकान्यात घालायची की वेगळी ठेवायची हे वाचनालयाने ठरवायचे आहे, स्क्रिप्टने नव्हे.

ज्ञात नावांशी तुलना करताना ‘भेट देणाऱ्याचे नाव’ याकडे विशेष लक्ष द्यावे. यातला ‘ऱ्या’ निरनिराळ्या कळफलकांवरून निरनिराळ्या प्रकारे साठवला जातो. कुठे ‘ऱ’ हे एकच चिन्ह असते, कुठे साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, तर कुठे ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. तिन्ही दिसायला सारखे, पण तुलनेत तीन वेगळी नावे. ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ सांगितले की पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही, त्यासाठी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या त्रयीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ अशी अदलाबदल आपणच करावी. हे काम नावांपुरते न करता ओळ वाचल्याबरोबर संपूर्ण ओळीवर करावे, म्हणजे पुढे ‘वाऱ्या’ किंवा ‘शेतकऱ्यांचे’ असा शब्द शीर्षकात शोधतानाही उपयोग होतो.

मग रचनेचा प्रश्न. एका पुस्तकासाठी एक डिक्शनरी आणि सगळ्या पुस्तकांची मिळून एक लिस्ट, ही रचना आपल्या नोंदींना पुरेशी आहे. दाखल क्रमांकावरून पुस्तक वारंवार शोधायचे असेल तर लिस्टच्या जागी दाखल क्रमांक हेच नाव असलेली बाहेरची डिक्शनरी घेता येईल. परंतु आधी एकच क्रमांक दोन पुस्तकांना पडलेला नाही ना, हे तपासावे, कारण डिक्शनरीत तेच नाव पुन्हा आले की जुने मूल्य पुसले जाते आणि त्याची कसलीही सूचना मिळत नाही. आपल्या दोन लेखकांचेही हेच होईल: दुसरा लेखक वाचला जाताच पहिला जाईल. त्यासाठी ‘लेखक’ या नावाचे मूल्य लिस्ट ठेवावे आणि प्रत्येक वेळी ‘सेटडिफॉल्ट’ने, लिस्ट आधी नसेल तरच, रिकामी लिस्ट तयार करून तीत ‘अपेंड’ करावे. लेखक एकच असला तरीही लिस्टच ठेवावी, हा माझा आग्रह आहे. एका ठिकाणी स्ट्रिंग (साधा मजकूर) आणि दुसऱ्या ठिकाणी लिस्ट ठेवली, तर पुढे कोणी ‘फॉर’ने लेखक छापू लागेल तेव्हा एकट्या लेखकाचे नाव अक्षर आणि मात्रा सुटे होऊन एकेका ओळीत छापले जाईल. ज्ञात नावांपैकी ‘लेखक’ सोडून दुसरे कोणतेही नाव एकाच पुस्तकात दोनदा आले तर ती तक्रार समजावी. बहुधा तिथे दोन पुस्तकांमधली मोकळी ओळ राहून गेलेली असते.

‘टीप’ची दुसरी ओळ मोकळ्या जागेने सुरू होते, म्हणजे ती आधीच्या मूल्याचा पुढचा भाग आहे. डेबियन लिनक्सच्या पॅकेजांची माहिती असलेल्या कंट्रोल फाइली आणि ईमेलची शीर्षके हीच पद्धत वापरतात, तेव्हा ती जरूर ठेवावी. फक्त तपासण्यांचा क्रम सांभाळावा: ओळ रिकामी आहे का, हे आधी पाहावे (नुसत्या मोकळ्या जागा असलेली ओळही रिकामीच धरावी), मग ती मोकळ्या जागेने सुरू होते का, हे पाहावे, आणि त्यानंतरच कडा साफ करून तोडावी. वाचताक्षणीच ‘स्ट्रिप’ केले तर दुसऱ्या तपासणीला काही उरत नाही.

रिकामी ओळ आली की तयार झालेली नोंद यादीत टाकायची आणि नवी डिक्शनरी सुरू करायची, असे आपण लिहाल. फाइलीच्या शेवटी मोकळी ओळ नसली तर शेवटचे पुस्तक यादीत कधीच जाणार नाही. तेव्हा फेरा संपल्यावर हातातली डिक्शनरी रिकामी नसेल तर तीही यादीत टाकावी. याउलट दोन मोकळ्या ओळी लागोपाठ आल्या तर रिकामी नोंद शिरू नये, म्हणून टाकण्यापूर्वी तीत काही आहे का, हे दोन्ही ठिकाणी पाहावे.

शेवटी आकडे. पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंक समजते. ‘४५१२’ ही स्ट्रिंग दिली की ४५१२ ही संख्या मिळते. जावास्क्रिप्टमध्ये तसे होत नाही. मात्र ‘१२५/-’ यातील तिरकी रेघ आणि आडवी रेघ ‘इंट’ला चालणार नाहीत, ती आधी काढावी. किंमत संख्येत घेणे आवश्यक आहे, नाहीतर क्रमवारी लावताना ‘१२५’ हे ‘९०’च्या आधी येईल. दाखल क्रमांकाचे मात्र संख्येत रूपांतर करण्याची घाई करू नये. त्यात पुढेमागे ‘४५१२/अ’ असे काही निघाले तर ते मूळ रूपातच टिकले पाहिजे.

या सगळ्यात ‘तक्रार नोंदवावी’ असे मी वारंवार म्हटले आहे. ‘एन्युमरेट’ला १ पासून मोजायला सांगितले की प्रत्येक ओळीबरोबर तिचा क्रमांक मिळतो, न समजलेली प्रत्येक ओळ त्या क्रमांकासह एका वेगळ्या यादीत ठेवावी आणि वाचन संपल्यावर ती यादी छापावी. ‘ट्राय’ आणि त्याखाली नुसते ‘पास’ लिहून चुका झाकण्याची पद्धत फार रूढ आहे. दाखल नोंदवहीसारख्या, संस्थेच्या मालमत्तेची नोंद असलेल्या कागदाच्या बाबतीत ती कधीही वापरू नये.

प्रश्न: मी नागपूर येथे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी सेटिंगची फाइल वाचायची आहे. पायथनमध्ये ‘कॉन्फिगपार्सर’ तयार असताना हाताने ओळी तोडण्याची गरज काय?

उत्तर: सेटिंगच्या फाइलीसाठी गरज नाही, आपण ‘कॉन्फिगपार्सर’च वापरावे. त्याचे काही स्वभाव मात्र आधी माहीत असावेत. तो सगळी नावे लहान लिपीत करतो, म्हणून मोठ्या अक्षरांतली नावे टिकवायची असल्यास ‘ऑप्शनएक्सफॉर्म’ बदलावे लागते. मूल्यात टक्क्याचे चिन्ह आले तर त्याला ते दुसऱ्या मूल्याचा संदर्भ वाटते आणि मूल्य मागताना चूक येते; पासवर्ड किंवा वेबपत्ता असलेल्या फाइलीत हे हमखास घडते, तेव्हा ‘इंटरपोलेशन’ला ‘नन’ द्यावे. चौकटी कंसातले विभागाचे शीर्षक नसलेली फाइल तो नाकारतो, पायथन ३.१३ पासून अशी फाइल चालवून घेण्याची सोय झाली आहे. सगळी मूल्ये स्ट्रिंगच असतात, म्हणून होय-नाहीसाठी ‘गेटबूलियन’ वापरावे, कारण ‘बूल’ला ‘नो’ ही स्ट्रिंग दिली तरी उत्तर ‘ट्रू’ येते.

सर्वांत महत्त्वाचे असे की ‘रीड’ला दिलेली फाइल अस्तित्वातच नसेल तर तो काही न बोलता पुढे जातो. वाचलेल्या फाइलींची यादी तो परत देतो, ती तपासावी, किंवा फाइल स्वतः उघडून ‘रीडफाइल’ला द्यावी. फाइलीची मांडणी आपल्याच हातात असेल तर टॉमल या सेटिंगच्या फाइलींसाठीच्या मांडणीचाही विचार करावा, पायथन ३.११ पासून ती वाचण्यासाठी ‘टॉमलिब’ भाषेबरोबरच येते आणि संख्या, तारखा, याद्या थेट त्यांच्या प्रकारात मिळतात.

प्रश्न: बेंगळुरू येथे सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. ‘नाव=मूल्य’ अशा फाइली आम्ही शेलमध्ये सरळ ‘सोर्स’ करतो. यात काही गैर आहे का?

उत्तर: फाइल आपणच लिहिलेली असेल आणि दुसरे कोणी तीत बदल करू शकत नसेल, तर चालते. पण ‘सोर्स’ करणे म्हणजे फाइल वाचणे नव्हे, ती चालवणे आहे. मूल्याच्या जागी डॉलर आणि कंसात कोणी आज्ञा लिहिली तर ती आपल्या अधिकारांनिशी चालेल. पायथनमध्ये मूल्यांवर ‘इव्हॅल’ चालवण्याचा धोकाही हाच आहे. तिथे साध्या मूल्यांसाठी ‘एएसटी’ मॉड्यूलमधील ‘लिटरल-इव्हॅल’ पुरते.

लिनक्समधील ‘ओएस-रिलीज’ ही फाइल अभ्यासासाठी चांगली आहे. तिची मांडणी शेलशी जुळणारी असली तरी तिला ‘सोर्स’ करण्याची गरज नाही. काही मूल्ये अवतरणचिन्हांत असतात आणि काही नसतात, म्हणून बरोबरच्या चिन्हापाशी तोडल्यावर मूल्य ‘शलेक्स’ मॉड्यूलच्या ‘स्प्लिट’मधून काढावे, म्हणजे अवतरणे नीट निघतात. नुसत्या ‘स्ट्रिप’ने दोन्ही टोकांची अवतरणे काढली तर मूल्याच्या आतले, शेवटी आलेले खरे अवतरणही जाते. याच एका फाइलीसाठी पायथन ३.१० पासून ‘प्लॅटफॉर्म’ मॉड्यूलमध्ये तयार फंक्शन आहे.

प्रश्न: डिक्शनरी तयार झाली, पण जेसन फाइलीत साठवली की मराठीच्या जागी तिरक्या रेघा, ‘यू’ हे अक्षर आणि आकडे दिसतात. माहिती बिघडली का? – एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर: माहिती बिघडलेली नाही; ती पुन्हा वाचली की मराठी जशीच्या तशी मिळेल. पायथनचे जेसन मॉड्यूल स्वतःहून सगळी बिगर-आस्की (मूळ इंग्रजी अक्षरसंचाबाहेरची) अक्षरे सांकेतिक रूपात लिहिते. ‘डंप’ला ‘एन्शुअर-आस्की’ हे ‘फॉल्स’ करून द्यावे आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडावी, म्हणजे माणसालाही ती वाचता येईल. हीच माहिती सहकाऱ्यांना एक्सेलमध्ये उघडण्यासाठी सीएसव्ही करून द्यायची असेल, तर तिथे मात्र ‘यूटीएफ-८-सिग’ मध्ये लिहावे, कारण फाइलीच्या सुरुवातीची ती अदृश्य खूण नसेल तर एक्सेल डबल-क्लिकने उघडताना देवनागरी बहुधा चुकीची दाखवतो. उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्यावी, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ येईल.